अभ्यासपाठ : मधमाश्यांचा पूरक आहार आणि रॉयल जेली





गेल्या उन्हाळ्यात मी दोन मंडळ्यांत उपासनेनंतर उभी राहून पेठ तालुक्यातील आपल्या मधपेट्यांविषयी बोलले होते. पाड्यावरच्या बचत गटाचे काम, महिलांची मेहनत, पहिला मध हे सारे सांगितले. उत्साहाच्या भरात आणखी एक वाक्य बोलून गेले : "या पेट्यांतून रॉयल जेली निघू लागली, की गटाला मधापेक्षा कितीतरी पट पैसा मिळेल." त्या वाक्यावर विसंबून तुमच्यापैकी काहींनी वेगळे दान दिले.

ते पैसे अजून खर्च झालेले नाहीत. का झाले नाहीत आणि गटाने पुढे काय ठरवले, हे तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे. परंतु नुसता निर्णय सांगून भागणार नाही, त्यामागची माहितीही तुमच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून या अंकातील पाठ मधमाश्यांच्या पूरक आहारावर आहे.

१. रॉयल जेली म्हणजे काय?

मराठीत हिला राजान्न म्हणतात. हा मध नव्हे, आणि परागही नव्हे. तरुण कामकरी माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारा हा दुधासारखा पांढरट, दाट आणि आंबट पदार्थ आहे. आई बाळाला पाजते तसे या माश्या तो अळ्यांना भरवतात, म्हणून त्यांना दाई माश्या म्हणायला हरकत नाही. त्यात साधारण ६० ते ७० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः प्रथिने, साखर आणि स्निग्ध पदार्थ असतात.

पोळ्यातील प्रत्येक अळीला पहिले तीन दिवस असे पातळ अन्न मिळते. त्यानंतर कामकरी होणाऱ्या अळीच्या अन्नात मध आणि पराग मिसळला जातो. राणी होणाऱ्या अळीला मात्र शेवटपर्यंत राजान्नच मिळते, आणि मोठी झालेली राणीही त्यावरच जगते. राणी आणि कामकरी यांची अंडी एकाच जातीची असतात, फरक पडतो तो अन्नाने.

हे ज्ञान मिळवण्यात मंडळीच्या सेवकांचाही वाटा आहे. अठराव्या शतकात सॅक्सनीतील आदाम शिराख या पाळकांनी दाखवून दिले की राणी नाहीशी झाली तर माश्या कामकरीच्या कोवळ्या अळीपासून नवी राणी तयार करतात. स्वित्झर्लंडचे फ्रांस्वा ह्यूबर अंध होते. विश्वासू सेवकाच्या डोळ्यांनी त्यांनी पोळ्याचा अभ्यास केला, आणि १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत 'राजेशाही जेली' हा शब्द आला. चौकटी बाहेर काढता येतील अशी पेटी १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाळकांनी शोधली. आपल्या देशात गेल्या शतकाच्या आरंभी फादर न्यूटन यांनी तिरुचिरापल्लीकडे देशी माशीसाठी लहान पेटी तयार केली. पुढे मार्तंडम येथे वाय.एम.सी.ए.च्या ग्रामसुधार केंद्रात स्पेन्सर हॅच यांनी गरीब कुटुंबांना मधपेटीचा जोडधंदा शिकवला. तेव्हा पाड्यावर मधपेटी नेणारे आपण काही पहिले नाही.

२. आहार आणि जेली यांचा संबंध

जेली घेण्यासाठी माश्यांना एका अर्थी फसवावे लागते. पेटीच्या एका भागात राणी जाऊ शकणार नाही अशी जाळी लावतात. तेथे राणीघरासारख्या लहान वाट्या बसवून प्रत्येकीत एक दिवसाच्या आतली अळी अलगद ठेवतात. नवी राणी वाढवायची आहे असे समजून दाई माश्या त्या वाट्या जेलीने भरू लागतात. तीन दिवसांनी, सुमारे ७२ तासांच्या आत, अळी काढून टाकतात आणि जेली गोळा करतात. ती लगेच गाळून गोठवावी लागते, नाहीतर तिचा कस कमी होतो.

आता पूरक आहाराकडे येऊ. पुष्कळांना वाटते, मलाही वाटत होते, की माशीला पावडर चारली की ती सरळ जेलीत उतरते. तसे होत नाही. जेली तयार होते दाई माशीच्या ग्रंथीत. ती ग्रंथी कोषातून बाहेर आल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुसरा आठवडा संपेपर्यंत जोमात असते, आणि माशीला पहिल्याच दिवसांत भरपूर प्रथिने मिळाली तरच ती नीट भरते. ही प्रथिने परागातून येतात. मध आणि साखर फक्त शक्ती देतात, प्रथिने देत नाहीत.

अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला जवळजवळ तीन आठवडे लागतात, आणि ती दाई होण्यास आणखी आठवडा. म्हणजे आज दिलेल्या आहाराचे खरे फळ महिना-सव्वा महिन्याने दिसते. आधी राणीने अंडी वाढवावी लागतात, मग अळ्या पोसल्या जातात, मग दाई माश्यांची संख्या वाढते, आणि मगच जेली वाढते. मधली एकही पायरी गाळता येत नाही.

३. पूरक आहार कसा द्यावा?

पेट्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल, जेली घ्यायची असो वा नसो.

साखरेचा पाक : पांढरी स्वच्छ साखर आणि पाणी समान वजनाने घ्यावे. पाणी उकळून, भांडे चुलीवरून खाली उतरवून मगच साखर विरघळवावी. हा पातळ पाक फुलोऱ्याचा भास निर्माण करतो आणि राणी अंडी वाढवते. साठा करून ठेवण्यासाठी दोन भाग साखर व एक भाग पाणी असा दाट पाक देतात. पाकात लिंबू पिळून तो उकळत ठेवू नये. आंबट आणि तापवलेल्या साखरेत माशीला विषारी ठरणारा पदार्थ तयार होतो.

प्रथिनांचा गोळा : परागाची जागा पूर्णपणे घेईल असे काही नाही, पण टंचाईत आधार देता येतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील हायडाक यांनी सोयाबीनचे पीठ तीन भाग, ब्रुअर्स यीस्ट एक भाग आणि साय काढलेल्या दुधाची पावडर एक भाग असे मिश्रण सुचवले होते, आणि ते जगभर वापरले गेले. सोयापीठ तेल काढलेले आणि भाजलेले असावे. दुधातील साखर माशीला पचत नाही, म्हणून दुधाची पावडर बेताचीच घालावी किंवा वगळावी. आपल्याकडे भाजलेल्या डाळीचे पीठही घालतात. हे साखरेच्या दाट पाकात मळून पातळ थापी करावी आणि अळ्यांच्या चौकटींवर, कागदाने झाकून ठेवावी. आपल्याच निरोगी पेटीतला थोडा पराग मिसळला तर माश्या ती आवडीने खातात. लहान पेटीला लहान थापीच द्यावी आणि बुरशी धरलेली लगेच काढून टाकावी.

वेळ आणि जागा : आहार संध्याकाळी आणि पेटीच्या आतच द्यावा. बाहेर सांडला तर दुसऱ्या पेटीच्या माश्या लूट करायला येतात. दार अरुंद करावे. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर मुंग्या चढत नाहीत.

काय देऊ नये : गूळ, काकवी, मळी आणि बाजारातला कुणाचाही मध. परक्या मधातून रोग येतात.

मधाचा कप्पा लावलेला असताना साखर देऊ नये. ती साखर मधात उतरते, आणि मग आपण मध म्हणून साखर विकतो.

४. माझी चूक

गूळ देऊ नये हे मी पुस्तकातून शिकले नाही. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात आमच्या चौदा सातेरी पेट्या उपाशी होत्या. सह्याद्रीच्या त्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर सतत पाऊस, माशी बाहेर पडत नाही आणि पडली तरी फूल धुतलेले. गटाच्या अध्यक्ष मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, आषाढात माशीपण उपाशी आणि आपणपण उपाशी." साखर आणायला खाली बाजारापर्यंत जावे लागत होते आणि ओढा भरला होता. पाड्यावर गूळ होता. मी म्हटले, गोड ते गोड. गुळाचे पाणी करून सगळ्या पेट्यांत ठेवले.

चार दिवसांत चौकटींवर आणि दारावर तपकिरी डाग दिसू लागले. माश्यांना हगवण लागली होती. गुळातले क्षार आणि मळ त्यांना पचत नाहीत, आणि सततच्या पावसात त्या बाहेर जाऊन पोट मोकळे करू शकत नाहीत. काही पेट्या मेल्या. काहींतल्या माश्या पहिली उघडीप मिळताच पोळे सोडून गेल्या, कारण सातेरीचा स्वभावच तसा आहे, त्रास झाला की ती घर सोडते. चौदांपैकी नऊ पेट्या उरल्या.

पाच रिकाम्या पेट्या म्हणजे तुम्हाला कदाचित लहान आकडा वाटेल. नागली आणि भाताची कापणी झाली की पाड्यावरची कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. ज्या घरी दोन पेट्या आहेत, त्या घरातली एक बाई तरी मुलांजवळ मागे राहू शकते. ज्या दोन घरांच्या पेट्या गेल्या, ती दोन्ही घरे त्या वर्षी सगळी मिळून गेली. मावशींनी मला एक शब्दही दुखावून बोलल्या नाहीत. त्यामुळे ते मला अधिकच लागले.

५. कागदावरचा हिशेब

हे नुकसान भरून काढण्याची घाई मला झाली होती. अशा वेळी शहरातील एक व्यापारी भेटले. त्यांच्याकडे जेली वाढवणारी पावडर होती, किलोला बाराशे रुपये. पावडर आम्ही घ्यायची, जेली ते विकत घेणार, दर "माल पाहून" ठरणार. लेखी काही नव्हते. तरीही मी भुलले, आणि मंडळीत ते वाक्य बोलले.

पावडरचे पाकीट घरी आणून मी त्यावरची यादी वाचली. सोयापीठ, साखर, यीस्ट, जीवनसत्त्वे. वर सांगितलेल्या थापीहून त्यात वेगळे विशेष काही नव्हते. मग गटाची बैठक बोलावली आणि आम्ही चिंचोके मांडून हिशेब केला.

मोठ्या युरोपीय माशीच्या, म्हणजे मेलिफेराच्या, एका वाटीत तीन दिवसांत साधारण २०० मिलिग्रॅम जेली मिळते. तीस वाट्या ठेवल्या आणि वीस माश्यांनी स्वीकारल्या, तर एका पेटीतून एका खेपेला ४ ग्रॅम. एक किलो जेलीसाठी अशा २५० खेपा, म्हणजे ५,००० भरलेल्या वाट्या. नऊ पेट्यांतून एका खेपेला ३६ ग्रॅम. एक किलो गोळा व्हायला अठ्ठावीस खेपा, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी पेटी उघडत जवळजवळ तीन महिने.

हा हिशेब मेलिफेराचा. आपली सातेरी लहान, तिची वसाहतही लहान, तिच्या वाटीत जेली याहून बरीच कमी. दर तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तर ती पळून जाण्याचा धोका. शिवाय दाई माश्या परक्या वाट्या भरू लागल्या की त्यांच्या स्वतःच्या अळ्यांचा वाटा कमी होतो. चीनमध्ये वर्षाला पेटीमागे दहा किलोच्या वर जेली काढतात हे खरे आहे. पण तेथे त्यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली मेलिफेरा माशी आहे, सराईत हात आहेत आणि शीतपेट्या आहेत. आमच्या पाड्यावर पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते.

मावशींनी चिंचोक्यांच्या ढिगाकडे पाहिले आणि विचारले, "ताई, एवढ्या वाट्या भरायला माशी कुठून आणायची?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला आहे. वर्गात मी तो अनेकदा शिकवला आहे. स्वतः मात्र आधी बोलले आणि मग मोजायला बसले.

६. आणखी दोन गोष्टी

जेली औषध म्हणून विकली जाते, म्हणून वाचकांनीही सावध राहावे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये जेलीच्या आरोग्यविषयक दाव्यांची तपासणी केली, तेव्हा ते दावे सिद्ध झाले नाहीत. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना जेलीने गंभीर झटके येऊ शकतात. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात अशा मृत्यूची नोंद झाली आहे. मंडळीतील आजारी माणसाला प्रेमाने आणून देण्याची ही वस्तू नव्हे.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. २०१६ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात जेलीचे दोन प्रकार केले आहेत : फक्त नैसर्गिक अन्नावर जगलेल्या माश्यांची, आणि पूरक प्रथिने व साखर दिलेल्या माश्यांची. पूरक आहार देणे गैर नाही. मात्र तो देऊन "रानातली शुद्ध" म्हणून विकणे गैर आहे. आपल्या गटाचा माल उद्या कोणत्याही नावाने बाजारात गेला, तरी त्यावर लिहिलेले खरेच असले पाहिजे.

७. गटाने काय ठरवले

गटाने जेलीचा विचार सोडला आहे. पूरक आहार मात्र सोडलेला नाही, त्याचे कारण फक्त बदलले. आता तो माश्यांना पावसाळ्यात जगवण्यासाठी आणि नव्या फुलोऱ्याआधी बळकट करण्यासाठी दिला जाईल. तुमच्या दानातून पुढील चार गोष्टी कराव्यात असा गटाचा प्रस्ताव आहे :

पहिली, पावसाळा सुरू होण्याआधीच साखर आणि थापीचे सामान पाड्यावर आणून ठेवणे, म्हणजे ओढा भरला तरी गुळाकडे हात जाणार नाही.

दुसरी, खुरासणीचे बी. पूर्वी वरकस जमिनीवर खुरासणी सर्रास होत असे, आता ती कमी झाली आहे. पाऊस ओसरताना तिची पिवळी फुले पराग आणि मकरंद दोन्ही देतात आणि घरात तेलही येते. माशीसाठी यापेक्षा चांगला पूरक आहार कुठल्या पाकिटात मिळत नाही.

तिसरी, पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत दोन महिलांना प्रशिक्षणाला पाठवणे.

चौथी, बळकट पेट्यांची विभागणी करून पाच रिकाम्या पेट्या पुन्हा भरणे, आणि त्यांतल्या पहिल्या त्या दोन घरांना देणे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही नऊ पेट्यांना साखरेचा पाक आणि लहान थाप्या दिल्या. नऊच्या नऊ पेट्या ऑक्टोबरपर्यंत टिकल्या. उत्पन्न सांगण्यासारखे अजून नाही, पण एकही पेटी रिकामी झाली नाही.

ज्यांनी केवळ जेलीसाठी म्हणून दान दिले होते, त्यांनी आपले दान परत मागितले तर ते परत केले जाईल. त्यात संकोच मानू नये. आणि ज्यांना ते या चार कामांसाठी राहू द्यायचे आहे, त्यांनी तसे कार्यालयाला कळवावे. तुम्ही विश्वासाने दिलेला पैसा तुम्हाला न विचारता दुसरीकडे वळवणे मला योग्य वाटत नाही.

विचारासाठी व चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीने मदत केलेल्या एखाद्या कामात आपण फळाची घाई केली होती का? कोणती पायरी गाळली गेली?

२. पाड्यावरच्या मावशींना जे आषाढाविषयी ठाऊक होते, ते मी आधी विचारले असते तर काय वेगळे झाले असते? आपण ज्यांना मदत करतो, त्यांना आपण काय विचारतो?

३. मदत मागताना मोठे आकडे सांगण्याचा मोह होतो. देणाऱ्यांनी सेवकांना कोणते प्रश्न विचारावेत, म्हणजे हा मोह आवरेल?

४. पाड्यावरून मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी प्रार्थना करा. या हंगामात तरी त्यांची शाळा सुटू नये.

प्रभूच्या सेवेत,
तुमची बहीण व सहकारी